बुटांचं गाणं

सरांचे पाय दारात अडकायचे. दार कुठलंही चाले: स्वयंपाकघराचं, बाथरूमचं, लिफ्टचं. खोलीच्या मधोमध माणूस बऱ्यापैकी चालतो आहे, आणि चौकट समोर आली की तळपाय फरशीला डिंकाने चिकटवल्यासारखे. वरचं अंग पुढे जायला बघतंय, पाय जागचे हलत नाहीत, आणि मग तोल जायची वेळ. कंपवाताच्या दुखण्यात असं होतं, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. सरांनी मान डोलावून ऐकून घेतलं आणि घरी येऊन सगळा दोष चौकटींना दिला. बांधणाऱ्याने मापच चुकवलं म्हणे.

सर म्हणजे शहरातल्या मोठ्या गायनवृंदाचे निवृत्त संचालक. उभी हयात त्यांनी हातात बारीकशी छडी धरून व्यासपीठभर माणसांना एका श्वासात गायला लावलं. शेजारीपाजारी, दूधवाला, खुद्द त्यांचा जावई, सगळे त्यांना सरच म्हणत. कान असे तिखट, की शेजारच्या इमारतीत कुणी कढई आपटली तरी ती कुठल्या सुरात आपटली ते सांगतील. नुसतं सांगून थांबतील तर ते सर कसले? कढई बदला, असंही सुचवतील.

आणि काकू म्हणजे त्यांची बायको. टपाल कचेरीच्या खिडकीमागे नोकरी करून करून त्यांच्या अंगात एक चिवट शांतपणा मुरला होता, आणि सरांशी संसार करायला तो उपयोगी पडला. सर दारात अडकले की काकू हातातलं काम टाकून उठायच्या, मागून जाऊन एक हात कमरेला लावायच्या, दुसऱ्या हाताने पाठीवर थोपटायच्या. "हं, डावा. हं, उजवा. अहो, खाली बघू नका, समोर बघा." की सर सुटले. सकाळी उठल्यापासून घरात जितक्या वेळा दार ओलांडायचं, तितक्या वेळा काकूंनी उठायचं, असा तो हिशेब होता.

पण आता काकूंचाच उजवा गुडघा कामातून गेला होता. हाडावर हाड घासत होतं. खुर्चीतून उठताना त्या ओठ आवळायच्या आणि सरांना दिसू नये म्हणून तोंड फिरवायच्या. गुडघा बदलायला हवा, लवकर बदलायला हवा, असं हाडांच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं. काकू प्रत्येक वेळी म्हणायच्या, "बघू पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात काय होणार आहे?" सरांनी एकदा चिडून विचारलं.

"मी तिकडे खाटेवर पडणार आणि तुम्ही इकडे बाथरूमच्या दारात उभे राहणार. तुम्हाला तिथून काढणार कोण?"

मदतीला माणूस ठेवून पाहिला होता. पहिला सुराबाहेर शीळ घालायचा म्हणून सरांनी त्याला घालवला. दुसरा शीळ घालत नव्हता, पण चालताना एक पाय जोरात आपटायचा, लय बिघडायची, म्हणून तोही गेला. परगावी असलेली लेक आईच्या ऑपरेशनला यायला तयार होती, पण ती दवाखान्यात बसणार की घरी बापाजवळ? शेवटी तिने फोनवर, फार जपून, एक गोष्ट सुचवली: बाबांना काही आठवडे एखाद्या संस्थेत ठेवू या का, जिथे नर्स असतात, कठडे असतात. काकूंनीच सरांच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, "ते काही नाही. माझा गुडघा दुखतोय, मला. यांनी कशाला घर सोडायचं?" सरांना त्या क्षणी हायसं वाटलं, आणि त्याच वेळी इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. बायको आपल्यापायी लंगडते आहे, हे त्यांना कळत होतं. न कळण्याइतके काही ते कान मिटून बसले नव्हते.

लेक मात्र हार मानणाऱ्यातली नव्हती, शेवटी सरांचीच. तिने शोध घेतला आणि आईबाबांच्या घराजवळच्या संगीतोपचार केंद्रात बाबांचं नाव घालून टाकलं.

"संगीताने उपचार?" सर म्हणाले. "मला? अगं, ते म्हणजे माशाला आंघोळ घालण्यासारखं आहे."

"जाऊन तर बघू," काकू म्हणाल्या. आणि रिक्षा बोलावली.

केंद्र म्हणजे एका जुन्या शाळेच्या तळमजल्यावरचा दिवाणखान्याएवढा हॉल. लाकडी जमीन, एका भिंतीला ढोलक, डफ, खुळखुळे टांगलेले, कोपऱ्यात एक पियानो, आणि जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांच्या आडव्या रेघा. उपचार करणारी मुलगी लेकीहून लहान. तिथे येणारी सगळी तिला ताई म्हणत, अगदी आजोबा झालेली माणसंसुद्धा. तिने सरांना खुर्ची दिली, त्यांच्या वृंदाबद्दल विचारलं, मग पियानोवर एक साधी चाल वाजवली. सरांनी मान वाकडी करून ऐकलं.

"डावा हात मागे पडतोय तुझा," सर म्हणाले.

"पडतो, सर. माझे गुरुजीपण हेच म्हणायचे," ताई हसून म्हणाली, आणि अजिबात रागावली नाही. सरांना हे जरा गैरसोयीचं वाटलं. रागावणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे त्यांना पाठ होतं.

मग तिने समजावलं. चालताना पुढचं पाऊल कधी टाकायचं, याचा इशारा डोक्यात आतल्या आत होत असतो, आपल्याला पत्ताही नसतो. या दुखण्यात तो इशारा क्षीण होतो. पण बाहेरून ठेका मिळाला, तर पाय तो ठेका धरतात. एक रस्ता बंद झाला की दुसऱ्याने जायचं, तसं. "दुखणं बरं होईल असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "ते डॉक्टर बघतील. आपण फक्त पायांना इशारा द्यायचा."

तिने डफावर ठेका धरला. सर उभे राहिले, रेघेवर पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तेवढ्यात त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. बोटं जुळली. सर ठेका द्यायला लागले, तोही ताईपेक्षा किंचित जलद. ताई तिच्या लयीत, सर आपल्या लयीत, आणि पाय बिचारे कुणाचं ऐकावं म्हणून जागच्या जागी थांबले.

"सर, हात खाली."

"तू थोडी रेंगाळतेस."

"मी रेंगाळते. तुम्ही आज माझ्या वृंदात आहात. मागच्या रांगेत, डावीकडून शेवटचे."

भिंतीशी बसलेल्या काकूंना हसू आवरेना. सरांनी आजवर मागच्या रांगेत, डावीकडून शेवटी ज्यांना ज्यांना उभं केलं होतं, त्यांची तोंडं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. त्यांनी हात पाठीमागे बांधले. ताईने ठेका धरला, आणि सर निघाले. पहिल्यांदा बिचकत, मग एकेक रेघ ओलांडत, टाच आधी, चवडा मग, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळले आणि परत आले. कित्येक दिवसांत ते असे चालले नव्हते. काकूंनी तोंडावर हात धरला होता. काही वेळापूर्वी त्या हसू दाबत होत्या, आता दुसरंच काही दाबत होत्या.

त्या दिवसापासून सर आठवड्यातून दोनदा जायला लागले. घरी सरावासाठी ताईने ठेक्याच्या काही ध्वनिफिती दिल्या आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: घरातच ऐकायचं, रस्त्यावर कान बंद करून चालायचं नाही, आणि स्वतःहून दुसरं काही लावायचं असेल तर आधी मला ऐकवायचं.

आता सरांना कुणी संगीत आधी ऐकवायला सांगावं? ताईच्या ध्वनिफिती त्यांना कोरड्या वाटत. नुसतं टक टक टक टक. हे काय संगीत झालं, हे तर गळका नळ झाला. त्यांच्याजवळ त्यांच्या वृंदाचं सगळ्यात गाजलेलं ध्वनिमुद्रण होतं: उत्तम ठेका, उत्तम आवाज, चालायला अगदी योग्य. एका सकाळी त्यांनी हेडफोन घालून ते लावून पाहिलं, आणि खरंच सांगायचं तर पाय लोण्यासारखे चालले. स्वयंपाकघराचं दार पार. बाहेरचं दार पार. काकू आंघोळीला गेल्या होत्या. त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या होत्या आणि औषधांचं दुकान समोरच्या फुटपाथवर होतं. सरांच्या डोक्यात एकच विचार: काकू बाहेर येतील तेव्हा टेबलावर गोळ्या असतील, आणि मी म्हणेन, बघ, आता घे ऑपरेशनची तारीख.

लिफ्ट पार झाली. फाटक पार झालं. रस्ता ओलांडायला सर दिमाखात उतरले.

आता त्या ध्वनिमुद्रणाविषयी सांगायला हवं. ते गाजलं होतं ते एका जागेसाठी. शेवटच्या कडव्याआधी सर सगळ्या वृंदाला थांबवायचे. एकदम. वाद्यंही बंद. श्वास रोखून अख्खं सभागृह वाट बघायचं, आणि मग अगदी हळू, पिसासारखं, कडवं उतरायचं. त्या जागेला लोक "सरांचा विराम" म्हणत. दुसऱ्या शहरांतून माणसं तो विराम ऐकायला येत.

तो विराम रस्त्याच्या बरोबर मधोमध आला.

गाणं थांबलं तसे पायही थांबले. सरांनी घडवलेला विराम, तो काय साधासुधा असणार! आणि नंतरचं कडवं उतरलं ते इतकं संथ, की त्यावर पाऊल पडेना. गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. टेम्पोतून उतरून एकाने, चांगल्या मनानेच, सरांचा दंड धरून ओढलं, त्यासरशी सर पुढे कोलमडले, कसेबसे टेम्पोच्या आधाराने सावरले. काकूंनी खिडकीतून पाहिलं. लिफ्ट खाली होती. काकू ओल्या केसांनी जिन्याने धावल्या, त्या गुडघ्यावर धावल्या, "ओढू नका हो, त्यांना ओढू नका!" असं ओरडत, आणि शेवटच्या पायरीवर पाय मुडपून तिथेच बसल्या.

शेजाऱ्यांनी दोघांना घरात आणलं. गुडघा सुजून उशीएवढा झाला. डॉक्टरांनी या वेळी बघू-बिघू ऐकून घेतलं नाही: सूज उतरली की लगेच ऑपरेशन, नाहीतर पुढे चालणंच अवघड. दोघं समोरासमोर बसली. सर मान खाली घालून म्हणाले, "मी जातो त्या संस्थेत."

"गप्प बसा," काकू म्हणाल्या. आणि मग टपाल कचेरीतला सगळा शांतपणा एका फटक्यात सुटला, आणि त्या हमसून हमसून रडल्या. सरांना उठून त्यांच्याजवळ जायचं होतं. मध्ये दारसुद्धा नव्हतं, पण पाय काही उचलेनात.

केंद्रात जायचं सोडणारच, असं सरांनी म्हटलं होतं, पण लेक आता येऊन राहिली होती आणि तिने त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. सरांनी सगळं ताईला सांगितलं. आता ही बोलणार, बोलू दे, अशा तयारीने. ताईने ध्वनिमुद्रण मागितलं, डोळे मिटून पहिल्यापासून ऐकलं. विराम आला तेव्हा तीही श्वास घ्यायची थांबली. गाणं संपल्यावर तिने डोळे पुसले.

"काय जागा आहे, सर," ती म्हणाली. "आणि पायांसाठी याहून वाईट गाणं नसेल. तुम्ही ऐकणाऱ्याला थांबवायला घडवलंय हे. पाय थांबले, म्हणजे त्यांनी तुमचं नीट ऐकलं."

सरांना हसू आलं. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच. हिला मागच्या रांगेत उभं केलं असतं तर आपण मूर्ख ठरलो असतो, असं त्यांच्या मनात आलं.

पण अडचण होतीच. सरांना आवडणारं प्रत्येक गाणं कुठेतरी रेंगाळायचं, कुठेतरी धावायचं. न रेंगाळणाऱ्या गाण्यांचा त्यांना कंटाळा यायचा, लक्ष उडायचं, आणि पाय पुन्हा चौकटीत. ताई म्हणाली, आपण शोधत राहू.

पुढच्या वेळी सर जरा लवकर पोचले. हॉलमध्ये लहान मुलांचा वर्ग संपत होता. सर आत शिरायला गेले आणि नेमके दारात अडकले. लेक गाडी लावायला गेलेली. मागे सरता येईना, पुढे जाता येईना. आतून मुलं बूट घालून बाहेर पडायला रांगेत उभी राहिली, आणि त्यांच्या वाटेत दार अडवून सर. सर घामाघूम झाले. ताई लगबगीने यायला निघाली, पण त्याआधी रांगेतल्या पहिल्या मुलीने ढोलकावर थाप दिली, आणि मुलं रोजच्यासारखी आपली गाऊ लागली. गाऊ लागली म्हणजे काय, जो तो आपापल्या पट्टीत ओरडू लागला:

उजवा बूट, डावा बूट,
दोघांमध्ये नाही फूट!
चला बाहेर, चला आत,
दारा दारा, सोड वाट!

तीन सुरांची चाल. 'आत'ला 'वाट' जुळवलेलं. सरांच्या कानांवर नुसता अत्याचार. आणि सरांचा उजवा पाय उचलला. मग डावा. सर आत आले, मुलांच्या शेजारून, रांगेच्या बाजूने, थेट पियानोपर्यंत, आणि गाणं संपलं तेव्हा ते पियानोला धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, लाच घेताना सापडलेल्या माणसासारखा भाव होता.

"हे?" ते म्हणाले. "माझे पाय ह्याला भुलले?"

"कंटाळा आला का?" ताईने विचारलं.

"कंटाळा कसला! संताप आला."

"म्हणजे लक्ष होतं," ताई म्हणाली. ती आनंदाने उड्या मारायचीच काय ती बाकी होती.

पण सरांचं लक्ष आता त्या मुलीकडे गेलं होतं. चालीचा ठेका सगळ्या गदारोळात जागच्या जागी राहिला होता तो तिच्यामुळे. मुलं पुढे धावली, मागे पडली, एक तर मध्येच शिंकलं. तिची थाप केसभरही सरकली नाही. अशी माणसं सरांना आयुष्यात फार थोडी भेटली होती. मुलगी त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिची आई दाराबाहेर उभी होती. ती म्हणाली, "आमच्या राणीसरकार बोलत नाहीत, आजोबा. रागावू नका."

राणीसरकार हे नाव आईनेच ठेवलेलं, कारण त्यांच्या मर्जीशिवाय घरात पान हलत नसे. पूर्वी या मुलीला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं म्हणजे प्रलय व्हायचा. दार आलं की किंकाळ्या, जमिनीवर लोळण, डोकं आपटणं. दुकानात नाही, शाळेत नाही, आजीकडे नाही. मायलेकी घरात कोंडल्यासारख्या. ताईने तिच्यासाठी हे गाणं बांधलं. दार आलं की तेच गाणं, त्याच ठेक्यात, रोज. पुढे काय होणार हे गाण्यामुळे आधीच कळायला लागलं आणि तिची भीती ओसरत गेली. "आता ढोलक वाजवत स्वतः पहिली निघते," आई सांगत होती. "मागच्या आठवड्यात आम्ही दोघी दुकानात जाऊन तिच्यासाठी मोजे आणले. मोजे, आजोबा. तुम्हाला वाटेल यात काय एवढं."

"मला नाही तसं वाटणार," सर म्हणाले. "मी परवा गोळ्या आणायला निघालो होतो."

मग त्यांनी एक गोष्ट केली. ती त्यांनी भल्याभल्या गवयांसाठीही केली नव्हती. ते पियानोला धरून जमेल तितके वाकले आणि त्या मुलीला म्हणाले, "बाई, तुमचं गाणं मला काही दिवस वापरायला द्याल का? मोडतोड न करता परत करीन." मुलीने त्यांच्याकडे नाही, त्यांच्या बुटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उजव्या बुटावर हलकेच एक थाप दिली, मग डाव्यावर. आईने सांगितलं की हा होकार आहे, आणि असा होकार सहसा कुणाला मिळत नाही.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं! ज्या घरात सकाळी रेडिओसुद्धा सूर तपासून लागायचा, त्या घरात सर दिवसभर बुटांचं गाणं म्हणत फिरू लागले. आधी मोठ्याने, तोंड वाकडं करून. मग पुटपुटत. ताईने सांगितलं होतं की नुसतं मनात म्हटलं तरी पायांना पोचतं, पण मनात म्हणताना चाल सुधारायची नाही; सरांनी सुरुवातीला नको तिथे एक हरकत टाकून पाहिली आणि बाथरूमच्या दारात अडकले. पुन्हा म्हणून हरकत टाकली नाही. कधी अडकले तर थांबायचे, श्वास घ्यायचे, राणीसरकारांची थाप आठवायचे, आणि पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. दार सोडायचं वाट.

काकू सुजलेला पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसलेल्या असायच्या. सर दाराशी आले की सवयीने त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर जायचे.

"उठू नकोस," सर म्हणायचे.

"नाही उठत."

"उठलीस अर्धी."

"बरं, बसले. जा तुम्ही."

एके दिवशी सर स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला, कपात अर्धाच भरला म्हणजे सांडणार नाही, आणि तो अर्धा कप घेऊन दार ओलांडून आले. कप टेबलावर ठेवला. काकूंनी एक घोट घेतला. साखर विसरलेली होती. त्यांनी ते सांगितलं नाही. लेकीला हाक मारून म्हणाल्या, "डॉक्टरांना फोन कर गं. विचार, कधीची तारीख देताहेत."

ऑपरेशनच्या दिवशी लेक दवाखान्यात होती आणि सर घरी एकटे, पहिल्यांदाच. शेजारची मंडळी अधूनमधून बेल वाजवून बघून जात. सर प्रत्येक वेळी दार उघडायला स्वतः आले. दुपारी फोन आला, सगळं ठीक झालं. सर फोन ठेवून खुर्चीत बसले आणि कुणी बघत नव्हतं म्हणून मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने त्यांना दवाखान्यात आणलं. वॉर्डाचं दार चांगलं रुंद, दोन झडपांचं. आत खिडकीशेजारच्या खाटेवर काकू; चेहरा उतरलेला, हाताला सलाईन, पांढऱ्या चादरीखाली पायाचा उंचवटा. सरांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. गाण्याची पहिली ओळच हरवली, आणि सर दारात अडकले.

लेक पुढे झाली. नर्स पुढे झाली. आणि खाटेवर काकूंचे डोळे उघडले. त्यांनी सरांना चौकटीत पाहिलं, आणि त्यांचा हात कठड्याकडे गेला.

तिथेच तो हात थांबला. सरांना ते दुरून स्पष्ट दिसलं. काकूंनी हात मागे घेतला, चादरीवर ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे गं. कुणी हात लावू नका त्यांना. येतील."

सरांनी श्वास घेतला. मनातल्या मनात म्हणणं काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून सगळ्या वॉर्डासमोर, नर्ससमोर, आठ-दहा रुग्णांसमोर आणि त्यांना भेटायला आलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर, गायनवृंदाच्या माजी संचालकांनी चिरक्या, दाटलेल्या आवाजात सुरुवात केली: उजवा बूट, डावा बूट. आवाज फाटला. सूर कुठल्या कुठे. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. सर गातच राहिले, आणि दारातून आत आले, खाटांच्या मधून, पार खिडकीपर्यंत.

खुर्चीत टेकल्यावर त्यांनी काकूंचा हात धरला. त्यांना खूप काही म्हणायचं होतं. त्या ताईचे उपकार, त्या न बोलणाऱ्या मुलीचे उपकार, लेकीचे. आणि सगळ्यांच्या आधी हिचे, जिचे आभार मानायचे असतात हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"तुझे फार उपकार आहेत माझ्यावर," ते म्हणाले. "फार."

"बसा आता नीट," काकू म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "मी जरा झोपू का?"

"झोप की."

काकू झोपल्या. पार दिवसाउजेडी, माणसांच्या वर्दळीत, तोंड किंचित उघडं टाकून. गेली कित्येक वर्षं ही बाई सरांच्या सपातांचा आवाज ऐकत झोपायची. आवाज थांबला, की जागी. म्हणजे झोपायचीच नाही म्हणा ना.

थोड्या वेळाने खिडकीतलं ऊन सरकत त्यांच्या चेहऱ्यावर आलं. सर उठले. ओठांतल्या ओठांत गाणं म्हणत खाटेला वळसा घालून खिडकीपर्यंत गेले आणि पडदा ओढला. कडी करकरली. मध्येच त्यांचे पाय थांबलेसुद्धा, चांगले थांबले. मग पुन्हा निघाले.

काकूंना जाग आली नाही.